पहिली चंद्रिका

लग्नातल्या शालूवरून हात फिरवताना आपण एका अळीच्या थुंकीवरून हात फिरवतोय, हे तुम्हाला कधी कोणी सांगितलं आहे का? दुकानदार सांगत नाही, शालू देणारी आत्या सांगत नाही, आणि ज्या घरात ती अळी वाढते त्या घरातल्या माणसांनाही ते नीट ठाऊक नसतं. रेशीम तयार होतं ते अळीच्या लाळेच्या ग्रंथीत. तोंडाखालच्या बारीक भोकापासून निघून ही ग्रंथी पार मागच्या टोकापर्यंत गेलेली असते, डावीकडं एक आणि उजवीकडं एक, आणि शेवटच्या दिवसांत अळीच्या अंगात दुसऱ्या कशाला फारशी जागाच उरत नाही. या थुंकीला विटाळ नसतो असं आपल्याकडं मानतात. देवाला ती चालते, पंगतीत चालते, बोहल्यावर चालते. ज्या बाईनं ती अळी हातावर वाढवली ती मात्र चालत नाही. ती बाई माझी आई. तिला एका घरानं ज्या कारणासाठी दाराबाहेर उभं केलं, ते कारण तिच्या हातात नव्हतं, आणि त्याचा पुरावा त्या ग्रंथीत होता. मी हे भर ओसरीत सिद्ध करून दाखवलं. त्यानं काय झालं ते आता सांगते.

माझा जन्म बजाजनगरचा. बाबा वाळूजच्या एका कारखान्यात कामाला होते आणि कारखान्याच्या वेळाबाहेर ते पत्रकं लिहायचे. गुलाबी, पिवळ्या, कधी हिरवट कागदावर छापलेली ती पत्रकं आमच्या खोलीत पलंगाखाली, पत्र्याच्या पेटीत, पिठाच्या डब्यावर, सगळीकडं असायची. मी अक्षरं शिकले ती त्यांच्यावर. ‘बंधू-भगिनींनो’ हा मला वाचता आलेला पहिला शब्द. अंधश्रद्धेवर एक पत्रक होतं, कंत्राटी कामगारांवर एक, हुंड्यावर एक, आणि प्रत्येकात खोटं बोलणारा कोणीतरी असायचा व त्याला पुराव्यानिशी उघडं पाडलेलं असायचं. बाबांनी माझं नाव क्रांती ठेवलं. गावाकडच्या चुलतभावंडांनी लगेच त्याला शहरातल्या क्रांती चौकाचा चौक जोडला. पुढं चौकच राहिलं. ‘ए चौक, पाणी आण’, ‘चौकात आज लई गर्दी हाय’, असं चालायचं. मी चिडायचे, म्हणून ते अजून म्हणायचे.

बाबा एका तापात गेले. मी तेव्हा शाळेत होते. खोली सोडावी लागली आणि आई मला घेऊन पडेगावच्या पुढं, दौलताबादच्या रस्त्याला असलेल्या शेतावर आली. घर थोरल्या चुलत्यांचं, आबांचं. म्हणजे बाबांचाही त्यात वाटा होता, पण तसं तोंडानं म्हणायची सोय नव्हती. आबा उंच, कोरडे, कायम तंबाखू मळणारे. थोरला दीर धाकट्या भावजयीशी थेट बोलत नाही ही आमच्याकडची रीत, आणि आबा ती इतकी काटेकोर पाळायचे की आई समोर उभी असली तरी ते माझ्याकडं बघून बोलायचे, ‘तुझ्या आईला म्हणावं, बैलांना पाणी दाखव.’ आई पदर डोक्यावर ओढून मलाच उत्तर द्यायची, ‘दाखवलं म्हणावं.’ दोन हातांच्या अंतरावर उभ्या असलेल्या दोन माणसांचे निरोप पोचवण्यात माझं निम्मं बालपण गेलं. आबांच्या बायकोला आम्ही मोठीआई म्हणत असू. ती वाईट नव्हती असं लोक म्हणतात. माझं मत वेगळं आहे. तिला वाईट व्हायची गरज पडत नव्हती, एवढंच. ती जेवायला वाढताना आईच्या भाकरीवर ठेचा ठेवायची तो शेवटचा, पाट्यावरून बोटानं निपटलेला, आणि वरून म्हणायची, ‘सुमन, तुला तिखट आवडतं ना गं.’

तुती लावायची कल्पना आईची. शेताच्या खडकाळ कडेला, जिथं कापूसही धड येत नव्हता, तिथं तिनं तुतीच्या कांड्या लावल्या, आणि पुढं आबांनी पत्र्याचं शेड घालून दिलं ते त्यांना त्यात फायदा दिसला म्हणून. शेडमध्ये लोखंडी मांडण्या, दाराला माशीसाठी जाळी, उंबऱ्यापाशी पाय बुडवायला औषधाचं पाणी. आई तिथं राजासारखी वावरायची. अळ्यांना वास सहन होत नाही, म्हणून बॅच चालू असली की आई डोक्याला तेल लावायची नाही, उदबत्ती पेटवायची नाही, कांदा चिरलेल्या हातानं फांदी उचलायची नाही. आणि तंबाखू तर अळीला विष. तंबाखूच्या बोटानं पान दिलं तर अळी वाकडी होऊन मरते. त्यामुळं आबांना आपल्याच जमिनीवरच्या त्या एका दारात थांबावं लागायचं. एकदा ते तसेच आत निघाले तर आईनं माझ्याकडं बघून, नेहमीच्याच हळू आवाजात सांगितलं, ‘आबांना म्हणावं, तोंड धुऊन, साबणानं हात धुऊन या.’ बाहेर मजूर बाया होत्या. एक जण फिसकन हसली. आबा वळले आणि परत कधी आत आले नाहीत. मला आज वाटतं, पुढचं सगळं त्या हसण्यापासून सुरू झालं.

त्या शेडमधला आवाज मला अजून झोपेत ऐकू येतो. मोठ्या झालेल्या अळ्या पाला खातात तेव्हा कोणीतरी कागदांच्या थप्प्या एकसारख्या चाळत बसलंय असं वाटतं. आणि खरोखर तिथं कागद होते. अळ्या लहान असताना त्यांच्या खाली अंथरायला आईनं बाबांची उरलेली पत्रकं काढली होती. मला आधी राग आला. आई म्हणाली, ‘पेटीत वाळवी लागंल. इथं कामाला तरी येत्यात.’ मी पाला टाकता टाकता वाचायचे. अळी सरकली की एखादी ओळ दिसायची. अन्याय हा शब्द अर्धा खाल्ल्यासारखा, हिरव्या लेंड्यांत लडबडलेला.

आता रीत सांगते, कारण सगळं तिच्यावर अडलं. अळी पिकली की खाणं थांबवते, अंगानं काचेसारखी होते, डोकं वर करून हलवायला लागते. तेव्हा तिच्यावर चंद्रिका ठेवायची, म्हणजे प्लास्टिकची घडीची जाळी. अळी तिच्यात चढते आणि स्वतःभोवती कोष विणते. आमच्या घरात ठरलं होतं की पहिली चंद्रिका सवाष्णीच्या हातानं ठेवायची. हे कोणी ठरवलं? तुती तर आमच्याकडं काल आली, तिच्यासाठी जुनी रीत असणार कुठून? मोठीआईनं पहिल्याच बॅचला ठरवलं, पेरणीची मूठ सवाष्ण भरते तसं हेही, आणि दोन-तीन बॅचमध्ये ती परंपरा झाली. आई महिनाभर पाला कापायची, टाकायची, लेंड्या काढायची, चुना भुरभुरायची, आणि शेवटच्या दिवशी मोठीआई हिरवा चुडा भरून, कपाळभर कुंकू लावून यायची, एक जाळी ठेवायची, हळद वाहायची आणि निघून जायची. आई तेवढा वेळ शेडच्या मागं उभी राहायची. मग पुढं येऊन उरलेल्या सगळ्या चंद्रिका ती ठेवायची. त्यांना काही होत नसे.

मी तेव्हा शहरात कॉलेजला जायला लागले होते, प्राणिशास्त्र घेतलं होतं. मॅडमनी एकदा पडद्यावर ग्रंथीची पेशी दाखवली. त्या म्हणाल्या, पेशी म्हणजे नुसती पिशवी नाही. तिच्यात प्रथिनं घडतात, त्यांना घड्या पडतात, मग ती इवल्या इवल्या पुड्यांत बांधली जातात आणि पेशीच्या कडेला सरकून थांबतात. निरोप आला की पुडी कडेला चिकटते, फुटते आणि माल बाहेर पडतो. आपल्या तोंडातली लाळ असो, पोटातले पाचक रस असोत, रीत हीच. मग त्यांनी रेशमाची ग्रंथी दाखवली आणि मी पुढं सरकून बसले. मागची बारीक, नागमोडी नळी धाग्याचं प्रथिन बनवते. मधला भाग जाड, दुमडलेला, ते कोठार. त्याच्या भिंतीतल्या पेशी वरून खळीसारखं दुसरं प्रथिन चढवतात. तिथं रेशीम घट्ट, चिकट पाण्यासारखं पडून राहतं. ते हवेनं सुकून धागा होत नाही, तर ओढल्यानं होतं. अळी डोकं हलवते, त्या ओढीनं पातळाचा धागा बनतो. मॅडमनी जाता जाता सांगितलं की जुन्या काळी परदेशात अळ्या व्हिनेगरमध्ये मुरवून, फोडून, ती ग्रंथी दोन हातांनी ताणून माशाच्या गळाचा दोरा करायचे. वर्गातल्या मुली ‘ई’ म्हणाल्या. मी घरी येऊन आईला सगळं सांगितलं. ती फांद्या तोडत होती. म्हणाली, ‘म्हंजी खाल्लेलं तिच्या पोटात तयारच असतंय, फक्त सांगावा यायचा बाकी.’ मी म्हटलं, व्हय, तसंच.

ती बॅच शेवटच्या टप्प्याला होती. आबांच्या कापसावर पांढरी माशी पडली होती. तुती आणि कापूस यांच्यामध्ये फक्त बांध. आईनं मला ओसरीवर पाठवलं, आबांना सांग, अळ्या कोषावर जाऊ द्या, थोडं थांबा, किंवा वारं पलीकडं असताना तरी मारा. आबा पंपाला नळी जोडत होते. म्हणाले, ‘वारं काय माझ्या खिशात हाय का?’ आणि त्यांनी सकाळभर फवारलं. पांढरा धुरळा बांधावरून तुतीवर उतरताना मी पाहिला, आईनं पाहिला, आमच्याकडं उरलेल्या फांद्या शेळ्यांसाठी न्यायला येणाऱ्या धनगराच्या ठकूबाईनंही पाहिला. आईनं ती कड सोडून दुसऱ्या कडेचा पाला आधी वापरला. पण शेवटच्या दिवसांत अळ्या इतकं खातात की कुठलीच कड सोडता येत नाही. त्या पाल्याची फांदी शेळ्यांना देऊ नको, बाधेल, असं आईनं ठकूबाईला सांगितलं, आणि मग तोच पाला काही वेळ हातात धरून ती उभी राहिली. दुसरा नव्हता. तिनं तो पाण्यानं धुतला, झटकला आणि टाकला.

मोठीआई त्या आठवड्यात वैजापूरला भाच्याच्या साखरपुड्याला गेली होती. शेडमध्ये काही अळ्या काचेसारख्या झाल्या, डोकी वर करायला लागल्या. आईनं फोन लावला. मोठीआई म्हणाली, ‘मी येईस्तोवर हात लावू नको.’ मी कॉलेजात होते. ठकूबाई सवाष्ण होती, पण तिचा हात त्या घरात चालत नव्हता. पिकलेली अळी थांबत नाही. जागा मिळाली नाही तर ती पाल्यावर, लेंडीत, कुठंही सूत सांडते. आईनं वाट पाहिली, आणि मग पहिली चंद्रिका स्वतः ठेवली. मी घरी आले तेव्हा ती दाराशी बसली होती. ‘मी ठेवली,’ एवढंच म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर भीती होती आणि तिच्याखाली, मला शपथेवर सांगता येईल, थोडा आनंद होता. जाळीच्या मधोमध तिनं हळदीची पाच बोटं उमटवली होती.

पिकलेल्या त्या थोड्या अळ्या चढल्या. बाकीच्या चढल्याच नाहीत. त्या खात राहिल्या. त्यांचं अंग काचेसारखं व्हायच्याऐवजी पांढरं, ताणलेलं, सुजल्यासारखं दिसायला लागलं. पाला टाकला की खात, नाही टाकला की डोकी उचलून शोधत. ठकूबाई जाळीतून डोकावून म्हणाली, ‘वयनी, ह्या तुमच्या अळ्या माझ्या सासूवानी झाल्या. खायाला म्होरं, कामाला उठायचं नाव नाय.’ आई हसली नाही. मोठीआई आली, चंद्रिकेवरची हळदीची बोटं तिनं पाहिली आणि शेडमधून थेट ओसरीवर गेली. संध्याकाळपर्यंत भावकीत बोभाटा झाला. सुमननं रंडकीच्या हातानं पहिली जाळी ठेवली आणि लक्ष्मीनं तोंड मिटलं. हा शब्द तेव्हा आमच्या अंगणात सरळ वापरला गेला, म्हणून तो इथं तसाच ठेवते. दुसऱ्या दिवशी बैठक ठरली. आबांच्या मुलाचं, संजूचं, लग्न जमलेलं होतं. येणाऱ्या सुनेच्या हाती शेड द्यायचं आणि आईचा पाय तिथं पडू द्यायचा नाही, असं बैठकीच्या आधीच घरात बोललं जात होतं. आईकडं त्या घरात दुसरं काही नव्हतं. त्या दारात ती कोणाची तरी विधवा नव्हती, एवढं एकच दार.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. मला वाटलं, पुरावा दाखवला की संपलं. पडेगावच्या नाक्यावरच्या चायनीज गाडीवाल्याकडून मी व्हिनेगरची बाटली आणली. तो म्हणाला, ‘क्या ताई, घर पे नूडल्स?’ मी म्हटलं, हो. सकाळी मी त्या न चढणाऱ्या अळ्यांतल्या मूठभर उचलून व्हिनेगरमध्ये टाकल्या. त्या वळवळल्या, आखडल्या, मग सरळ झाल्या. मला त्यांची कीव आली असं मी लिहू शकेन, पण खरं सांगायचं तर मला त्या वेळी फक्त जिंकायचं होतं. दुपारपर्यंत त्या मुरल्या. ओसरीवर आबा, संजू आणि भावकीतले दोन म्हातारे बसले होते. मोठीआई माजघराच्या दारात, आई तिच्या मागं, पदर नाकापर्यंत. मी सगळ्यांच्या समोर एक अळी दोन बोटांनी फोडली. आतून ती निघाली, मॅडमनी पडद्यावर दाखवली होती तशीच, भिजलेल्या शेवयांसारखी, मध्ये जाड, दुमडलेली, पिवळट चमकणारी. गच्च भरलेली होती. मी तिची दोन टोकं धरून ताणली. ती लांबली, अजून लांबली, आणि माझ्या डोळ्यांसमोर तिचा दोरा झाला. एक म्हातारा ‘अरं तिच्या’ म्हणाला.

मी बोलायला सुरुवात केली. रेशीम आत आहे, आईनं खाऊ घातलेलं प्रत्येक पान तिथं साठलेलं आहे, तिच्या हातानं काही आटलेलं नाही. आबांनी हात पुढं केला. दोऱ्याचं एक टोक घेतलं, बोटाला गुंडाळलं, ओढून पाहिलं.

‘मजबूत हाय गं,’ ते म्हणाले. मग भावकीकडं वळले. ‘बघा, माल हाय. म्हंजी अळीत खोट नाय, पाल्यात खोट नाय. मग बाहेर का यीना? दार कुणी लावलं?’

म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. माझा पुरावा माझ्या हातातून त्यांच्या हातात गेला होता आणि दोऱ्याचं दुसरं टोक मी अजून धरून उभी होते. मी घाईघाईनं पुढचं सांगितलं. ‘आबा, तुम्ही मारलं ते औषध किड्याला लगेच मारत नाही, मोठं होऊ देत नाही. अळीला वाटत राहतं आपण अजून लहानच आहोत. मग ती नुसतं खाते. कोष करायचा निरोप तिला मिळतच नाही. तुमचा फवारा तुतीवर आला.’

मी तयारीत होते. ते नाही म्हणतील, वारं नव्हतं म्हणतील, औषध दुसरं होतं म्हणतील, प्रत्येकाला माझ्याकडं उत्तर होतं. आबांनी चुन्याची डबी उघडली.

‘आला की,’ ते म्हणाले. ‘मला दिसला. वारं तिकडंच व्हतं. मग?’

पत्रकांनी मला खोटं बोलणाऱ्या माणसाशी भांडायला शिकवलं होतं. खरं कबूल करून शांतपणे तंबाखू मळत बसणाऱ्या माणसाशी कसं भांडायचं, हे बाबांच्या एकाही गुलाबी कागदावर नव्हतं. ‘माझा कापूस चालला व्हता, मी मारलं,’ आबा पुढं म्हणाले. ‘बाईच्या किड्यांपायी कापूस मरू देऊ का? अन् पयली जाळी कुणाच्या हाताची, ते बी खरंच ना? व्हय का नाय, चौक?’ त्यांनी चुन्याची डबी मिटली. ‘दोन्ही खरंच हाय. पण गावाला एकच सांगायचं असतं.’ संजू हसला. त्यात द्वेष नव्हता. वडिलांचं बोलणं त्याला आवडलं होतं.

मग आबा उठले आणि माजघराच्या दाराकडं बघून बोलले. माझ्याकडं नाही, मोठीआईकडं नाही. इतक्या वर्षांत त्यांनी आईला पहिल्यांदा नावानं हाक मारली.

‘सुमन, अळ्या तूच काढ. तूच टाक खड्ड्यात. दुसऱ्या कुणाचा हात नको त्याला.’

खड्डा शेडच्या मागं संजूनं आधीच खणला होता. आई मांडणीमागून मांडणी रिकामी करत गेली. ती अळ्या उचलायची ती नेहमीसारखीच, चिमटीत नाही, दोन्ही तळवे खाली सारून, पानासकट, दुखू नये म्हणून. मी टोपली धरली. मोठीआई लांबून सांगत होती, ‘एक बी ठेवू नको, कोपऱ्यात बघ.’ खड्ड्यात पडल्यावर अळ्या पसरल्या, उलट्यांच्या सुलट्या झाल्या, आणि त्यांच्याबरोबर आलेला पाला खायला लागल्या. वर डोकी करून बघणाऱ्याही होत्या. संजूनं चुन्याचं पोतं फोडलं. आईनं चुना ओतला, कारण तेही तिनंच करायचं होतं. पांढऱ्या थराखाली काही वेळ तो आवाज चालू होता, कागद चाळल्यासारखा, मग विरळ झाला, मग थांबला. आईच्या पापण्यांवर चुना बसला होता. तिला डोळे पुसायला हात स्वच्छ नव्हता. मी पुसायला गेले तर तिनं मान मागं घेतली.

भावकी जेवायला थांबली म्हणून मोठीआईनं येसराची, म्हणजे भाजून दळलेल्या डाळी-मसाल्याच्या पिठाची, आमटी केली. तिचा वास अंगणभर होता. आईचं ताट दाराबाहेर ठेवलं होतं. मला आजही येसर आवडतो, हे सांगायची लाज वाटत नाही. माझी जीभ कोणाची बाजू घेत नाही. पण आईनं तो परत कधी खाल्ला नाही.

संजूचं लग्न झालं. नवी सून आली, सरळ मुलगी होती, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. पुढच्या बॅचच्या वेळी कापसाची वेचणी चालू होती, फवारायचं कारणच नव्हतं. नव्या सुनेनं पहिली चंद्रिका ठेवली आणि अळ्या धडाधड चढल्या. सगळं शेड पांढरं झालं. मोठीआईनं पेढे वाटले. त्या बॅचचा पालाही आईनंच कापला होता. रोज भारा डोक्यावर आणायचा, दाराशी टाकायचा, उंबऱ्यापाशी थांबायचं. त्या दिवशी पेढा हातात धरून ती मला म्हणाली, ‘बघ, तिच्या हातानं झालं.’ मी फवाऱ्याचं सगळं पुन्हा सांगितलं, ग्रंथीचं, निरोपाचं. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, ‘तू म्हणतीस ते खरं असंल, बाई. पण माझ्या हातानं नाय झालं, ते बी खरंच हाय ना?’

आबांनी केलं ते सगळं मी एक वेळ विसरेन, हे एक सोडून. त्यांनी आपलं वाक्य तिच्या तोंडात ठेवलं आणि ती ते स्वतःचं म्हणून बोलते.

आता आम्ही दोघी परत बजाजनगरात राहतो. मी नोकरी करते, लिहिते. खोली घेतली त्या दिवशी नव्या घरात दूध उतू घालायचं तर आईनं पातेलं गॅसवर ठेवलं, काडेपेटी शेजारणीच्या हातात दिली आणि बाहेर जिन्यात जाऊन उभी राहिली. मैत्रीण बाळ घेऊन आली की आई त्याच्याकडं बघून हसते आणि दोन्ही हात पदराखाली घेते. मी तिच्याशी भांडते. मी तिला पुस्तकं दाखवते, पेशीची चित्रं काढून देते. तिला ते सगळं कळतं, ती माझ्यापेक्षा चांगलं समजावून सांगू शकेल. कळल्यानं काही होत नाही. मी पत्रक लिहिणाऱ्याची मुलगी असून हे लिहिते आहे.

म्हणून मी आज तुम्हाला पटवत नाही, एक काम सांगते. तुमच्या शेतावर रेशमाचं शेड असेल, किंवा भावाच्या, साडूच्या, ओळखीच्या कोणाच्या, तर एका बॅचला दार उघडं ठेवा. शेजारी कापूस असेल तर फवारणाऱ्याला आधी जाऊन भेटा आणि तेवढे दिवस त्याला थांबवा. अळ्या काचेसारख्या झाल्या की गावातल्या चार लोकांना बोलवा, भावकीला बोलवा, सवाष्णींनाही बोलवा, आणि सगळ्यांच्या देखत पहिली चंद्रिका माझ्या आईच्या हातात द्या. मी तिला घेऊन येईन. माझी आई लांब पडत असेल तर तुमच्या घरात मागं उभी राहणारी जी कोणी असेल, तिच्या हातात द्या. कोष झाल्यावर ते कोणाच्या हातचे, हे तिला ऐकू येईल असं म्हणा. ती नको म्हणेल. हात पदराखाली घेईल, दुसऱ्या कोणाचं तरी नाव सुचवेल. चंद्रिका तशीच पुढं धरून उभे राहा, आणि तिला पुन्हा विचारा.